माद्रिदमधील टॅक्सी : प्रथमच जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

माद्रिदमध्ये टॅक्सीचे भाडे चालक ठरवत नाही; ते अधिकृतपणे मंजूर झालेले असते आणि त्याचा तक्ता प्रवाशाला दिसेल अशा रीतीने प्रत्येक टॅक्सीत लावलेला असतो. नव्या शहरात उतरल्यावर आपल्याकडच्या अनेक प्रवाशांना टॅक्सीची जी धास्ती वाटते, ती बहुतांशी ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे वाटते. भाड्याची घासाघीस करावी लागत नाही आणि तशी कोणी अपेक्षाही करत नाही. प्रवाशाने अधिकृत गाडीत बसावे, कोणता दर लागू आहे ते समजून घ्यावे आणि उतरताना पावती घ्यावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. या तिन्ही गोष्टी कशा करायच्या, ते पुढे क्रमाने दिले आहे.

घरून निघण्यापूर्वी

पहिले काम बँकेच्या कार्डाचे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये लागू केलेल्या नियमानुसार भारतातील नवे कार्ड मुळात देशांतर्गत व्यवहारांपुरतेच सुरू असते, त्यामुळे परदेशातील वापर आणि यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय या दोन्ही गोष्टी बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू कराव्या लागतात. हे काम मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभे राहून करण्याऐवजी दोन दिवस आधी करावे, कारण एखाद्या वेळी बँक पडताळणीसाठी संदेश पाठवते आणि परदेशात भारतीय सिमकार्ड बंद असेल तर तो संदेश मिळत नाही. यूपीआयवर अवलंबून राहू नये. कार्डाबरोबर पन्नास-साठ युरो रोख जवळ असावेत, तेही शक्यतो दहा आणि वीसच्या नोटांत.

दुसरे काम पत्त्याचे. हॉटेलचा किंवा नातेवाइकांच्या घराचा पत्ता रोमन लिपीत, जसा आरक्षणाच्या कागदावर असतो तसाच, फोनमध्ये चित्ररूपाने साठवून ठेवावा, म्हणजे इंटरनेट नसले तरी तो चालकाला दाखवता येतो. तिथे रस्त्याचे नाव आधी आणि इमारतीचा क्रमांक नंतर लिहिला जातो. केवळ हॉटेलचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच साखळीची अनेक हॉटेले शहरात असतात आणि त्यांची नावेही जवळपास सारखी असतात.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. आपले मुक्कामाचे ठिकाण एम-३० या वर्तुळाकार महामार्गाच्या आत आहे की बाहेर, हे नकाशावर पाहून ठेवावे. हा सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा रस्ता मध्य माद्रिदभोवती कडे करतो आणि विमानतळावरून येणाऱ्याचे भाडे याच कड्यावर अवलंबून असते. पुएर्ता देल सोल, ग्रान विया, प्रादो संग्रहालय, रेतिरो उद्यान, आतोचा स्थानक, सालामांका आणि चांबेरी हे भाग आत येतात. काराबांचेल, वायेकास आणि इफेमाचे प्रदर्शन संकुल बाहेर पडते.

विमानतळावर उतरल्यानंतर

माद्रिदच्या बाराखास विमानतळावर प्रत्येक टर्मिनलच्या आगमन कक्षाबाहेर टॅक्सीचा अधिकृत स्टँड आहे. सामान घेऊन बाहेर पडल्यावर टॅक्सीचे चित्र असलेल्या पाट्यांमागून सरळ चालत जावे. या वाटेवर कोणी हलक्या आवाजात ‘टॅक्सी?’ असे विचारत जवळ आले, तर थांबू नये आणि संभाषणही सुरू करू नये. परवानाधारक चालक प्रवासी शोधत कक्षात फिरत नाहीत. ते बाहेर रांगेत गाडीत किंवा गाडीजवळ असतात. आत येऊन विचारणारी व्यक्ती कितीही नीटनेटकी आणि इंग्रजी बोलणारी असली, तरी तिच्यामागे पार्किंगमध्ये जाणे म्हणजे दर, विमा आणि तक्रारीचा मार्ग या तिन्ही गोष्टी सोडून देणे होय.

स्टँडवर रांग असते आणि ती भराभर पुढे सरकते. आपली पाळी आली की समोरच्या गाडीकडे जावे. माणसे चारपेक्षा अधिक असतील, किंवा चौघांबरोबर चार मोठ्या बॅगा असतील, तर रांगेतच तसे सांगून मोठी गाडी मागावी. साध्या गाडीच्या डिकीत दोन मोठ्या आणि दोन लहान बॅगा बसतात; आपल्याकडून जाणाऱ्या कुटुंबाचे सामान बहुधा त्याहून अधिक असते. माद्रिदमध्ये सामानाचे वेगळे पैसे आकारले जात नाहीत. चाकाच्या खुर्चीसह चढता येईल अशा गाडीला तिथे ‘एउरोताक्सी’ म्हणतात. ती हवी असल्यास तेच नाव वापरावे.

विमानतळाचे ठरलेले भाडे

विमानतळ आणि एम-३० च्या आतील कोणतेही ठिकाण यांच्या दरम्यान ठरावीक, एकच भाडे आहे. २०१४ मध्ये ते सुरू झाले तेव्हा ३० युरो होते आणि २०२४ मध्ये ते ३३ युरो झाले. दरांचा आढावा वेळोवेळी घेतला जातो, म्हणून प्रवासाच्या वेळी लागू असलेला आकडा गाडीतील तक्त्यावर पाहून घ्यावा. या भाड्यात दिवस-रात्र असा भेद नाही, रविवार नाही, सणाची सुट्टी नाही, वाहतूक कोंडीत गेलेला वेळ नाही आणि कोणत्या टर्मिनलवरून निघालो हाही प्रश्न नाही. पहाटे तीनला उतरलेल्या आणि दुपारी बाराला उतरलेल्या प्रवाशाला तेवढेच पैसे द्यावे लागतात. मीटरवर या दराचा क्रमांक ४ असा दिसतो आणि ठरलेली रक्कम सुरुवातीपासूनच समोर असते. ती दिसत नसेल, तर गाडी सुटण्यापूर्वीच ‘तारीफा फीखा?’ असे नम्रपणे विचारावे. ठरलेले भाडेच ना, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि असे विचारण्यात कोणाचा अपमान होत नाही.

हा दर थेट प्रवासासाठी आहे. वाटेत एका मित्राला सोडायचे, मग दुसऱ्या हॉटेलवर जायचे, असा बेत असेल तर तो आधी सांगून भाडे कसे आकारले जाईल ते स्पष्ट करून घ्यावे.

जे ठिकाण कड्याबाहेर आहे, तिथे जाताना मात्र मीटर चालतो, आणि विमानतळावरून निघताना त्याला एक किमान भाडे जोडलेले असते. हे किमान भाडे वीस युरोंच्या पुढे आहे आणि त्यात पहिले काही किलोमीटर धरलेले असतात. याचा फटका विमानतळाजवळच्या हॉटेलात एक रात्र काढणाऱ्यांना बसतो : अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटरचे असते, तरी भाडे वीसच्या वर जाते आणि प्रवाशाला आपण फसवले गेलो असे वाटते. प्रत्यक्षात चालकाने नियमाप्रमाणेच घेतलेले असते. विमानतळाजवळच्या हॉटेलांपैकी बरीच हॉटेले स्वतःची बस ठेवतात. आरक्षण करतानाच तिची चौकशी करावी आणि त्या छोट्या अंतरासाठी टॅक्सीचा विचार सोडून द्यावा.

टॅक्सी घ्यावी की नाही, याचा हिशेब माणसांच्या संख्येवर आहे. विमानतळ ते आतोचा अशी २०३ क्रमांकाची पिवळी बस माणशी पाच युरो घेते. एकट्या, हलक्या सामानाच्या प्रवाशाने हीच बस किंवा मेट्रो घ्यावी, असे माझे मत आहे. चौघांना मात्र बसचे वीस युरो होतात, शिवाय आतोचाहून हॉटेलपर्यंतचा प्रवास उरतोच. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर तेरा युरो अधिक देऊन दारापर्यंत जाणे हा खर्च उधळपट्टीचा नाही.

शहरात टॅक्सी ओळखणे आणि थांबवणे

माद्रिदची टॅक्सी पांढरी असते आणि तिच्या पुढच्या दारांवर तिरका लाल पट्टा असतो. बाजूला शहराचे बोधचिन्ह, म्हणजे झाडाला टेकून उभे असलेले अस्वल, आणि परवान्याचा क्रमांक रंगवलेला असतो. मागची नंबरप्लेट निळी असते. ही पद्धत संपूर्ण स्पेनमध्ये २०१८ पासून आहे आणि ॲपवरून मिळणाऱ्या भाड्याच्या गाड्यांनाही ती लागू आहे, त्यामुळे केवळ निळी प्लेट पाहून टॅक्सी समजू नये. रंग मात्र शहरागणिक बदलतो. बार्सिलोनाला गेलेल्या मुंबईकराला तिथल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पाहून घरची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

टपावरचा हिरवा दिवा लागलेला असेल तर गाडी रिकामी आहे. दिवसा उन्हात तो दिवा नीट दिसत नाही, तेव्हा काचेमागची ‘लिब्रे’ ही पाटी पाहावी. गाडीत प्रवासी असताना टपावर हिरव्या दिव्याऐवजी चालू दराचा क्रमांक दिसतो. रस्त्याच्या कडेला उभे राहून हात दाखवला की रिकामी टॅक्सी थांबते. मात्र आपल्याला ज्या दिशेने जायचे आहे, त्या बाजूच्या कडेला उभे राहावे. मध्य भागात एकदिशा रस्ते पुष्कळ असल्याने चुकीच्या बाजूने निघालेल्या गाडीला मोठा वळसा पडतो आणि तो वळसा मीटरवर उमटतो. निळ्या चौकोनी पाटीवर टॅक्सी असे लिहिलेले स्टँड मोठे चौक, रुग्णालये आणि स्थानकांजवळ असतात. स्टँडवर पहिल्या गाडीत बसण्याचा रिवाज आहे. पाऊस पडत असताना किंवा फुटबॉलचा सामना सुटताना रस्त्यावर टॅक्सी मिळणे कठीण होते. अशा वेळी ताटकळण्यापेक्षा चालत मोठ्या स्टँडवर जावे.

मेट्रो सकाळी सहा ते रात्री दीडपर्यंत चालते. माद्रिदमध्ये रात्रीचे जेवण नऊ-दहाला सुरू होते आणि फ्लामेंकोचा उशिराचा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत रंगतो, त्यामुळे परतताना टॅक्सीची गरज पडणे साहजिक आहे. त्या वेळी भाडे थोडे अधिक असते.

मीटर कसा वाचावा

शहरातील नेहमीच्या प्रवासाला दोनच दर असतात. दर १ कामकाजाच्या दिवशी सकाळी सात ते रात्री नऊ या वेळेत लागू होतो. दर २ रात्री नऊनंतर, शनिवार-रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी लागू होतो. दिवसा मीटर साधारण अडीच युरोंपासून सुरू होतो आणि रात्री तीनच्या थोड्या वरून. पुढे प्रत्येक किलोमीटरला सव्वा ते दीड युरोच्या आसपास भर पडते आणि गाडी कोंडीत उभी असेल तर वेळेप्रमाणे आकडा वाढतो. मध्य भागातील दोन-तीन किलोमीटरचा प्रवास म्हणूनच फार महाग पडत नाही.

सुट्ट्यांबाबत थोडी काळजी घ्यावी. १५ मे हा सान इसिद्रोचा आणि ९ नोव्हेंबर हा आल्मुदेनाचा दिवस माद्रिद शहराची सुट्टी असते, तर २ मे ही माद्रिद प्रांताची. बाहेरगावच्या माणसाला तो साधा मंगळवार किंवा बुधवार वाटतो आणि भर दुपारी मीटरवर २ हा आकडा पाहून शंका येते. शंका आली की तक्ता पाहावा, त्यावर वेळा लिहिलेल्या असतात. २४ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री वेगळा अधिभार असतो. रेल्वे आणि बसच्या मोठ्या स्थानकांवरून निघताना लागणारे अधिभारही त्याच तक्त्यात असतात. तक्त्यात नसलेली कोणतीही रक्कम द्यावी लागत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट : स्पेनमध्ये दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम वापरतात. मीटरवर किंवा पावतीवर १२,४० असे दिसले तर ते बारा युरो चाळीस सेंट आहेत.

गाडीत बसल्यावर

प्रवासी मागच्या सीटवर बसतात. पट्टा सर्वांनी लावायचा असतो, मागे बसणाऱ्यांनीही. आपल्याकडची सवय इथे सोडावी. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना गाडीत खास आसन लागते, परंतु शहरांतर्गत प्रवासात टॅक्सीला यातून सवलत आहे आणि मूल मागच्या सीटवर असले पाहिजे, एवढी अट आहे. तरीही तान्हे मूल बरोबर असेल तर कायद्याच्या सवलतीवर समाधान न मानता फोन किंवा ॲपवरून बाळाच्या आसनासह गाडी मागवावी. विमानतळाचा रस्ता महामार्गाचा आहे आणि तिथे गाड्यांचा वेग मोठा असतो.

बसताना ‘ब्वेनोस दियास’, दुपारनंतर ‘ब्वेनास तार्देस’ असे म्हणावे. अभिवादन न करता थेट पत्ता सांगणे तिथे रुक्ष समजले जाते. मग फोनवरचा पत्ता दाखवून ‘पोर फावोर’, म्हणजे कृपया, म्हणावे. अनेक चालकांना इंग्रजी जेमतेम येते, पण लिहिलेला पत्ता सगळ्यांनाच कळतो. गाडी सुटताना चालकाने मीटर टाकला की नाही, तेवढे पाहावे. आपल्या फोनवर नकाशा उघडा ठेवण्यास हरकत नाही. मात्र वळणावळणाला सूचना देत बसू नये. एखादा रस्ता पसंत असेल तर तो सुरुवातीलाच सांगावा. उतरायच्या जागी ‘आकी, पोर फावोर’ म्हटले की गाडी थांबते.

पुएर्ता देल सोल हा चौक २०२० पासून वाहनांना बंद आहे. त्याला लागून असलेला प्रेसियादोसचा बाजाररस्ता आणि प्लासा मायोर हेही पादचाऱ्यांसाठीच आहेत. या परिसरात हॉटेल असेल, तर टॅक्सी दारापर्यंत जाणार नाही. चालक जवळच्या रस्त्यावर थांबवून हाताने दिशा दाखवील आणि शेवटचे शे-दोनशे मीटर बॅग ओढत चालावे लागेल. चालक मुद्दाम लांब सोडतो आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. आरक्षण झाल्यावर हॉटेलला एक संदेश पाठवून ‘टॅक्सीने कोणत्या रस्त्यावर उतरावे?’ असे विचारून ठेवले, तर ज्येष्ठांची पायपीट वाचते.

पैसे आणि पावती

कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र प्रत्येक टॅक्सीत असणे बंधनकारक आहे. तरीही बसतानाच कार्ड दाखवून ‘तारखेता?’ असे विचारण्याची सवय ठेवावी. यंत्राने रक्कम रुपयांत घ्यायची की युरोंत, असा पर्याय दिला तर युरो निवडावेत. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बहुधा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. रोख देताना मोठी नोट पुढे करू नये. चालकाने वीस युरोंच्या नोटेचे सुटे देणे अपेक्षित असते. शंभराच्या नोटेचे सुटे त्याच्याकडे नसतील, तर त्याला दोष देता येणार नाही. बक्षिसीची सक्ती नाही. माद्रिदचे लोक फार तर वरचे काही सेंट सोडून रक्कम पूर्णांकात देतात आणि सामान उचलायला मदत केली असेल तर एखादा युरो ठेवतात. आपणही तेच करावे.

पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी. ‘एल रेथीबो, पोर फावोर’ म्हटले की चालक छापील पावती देतो. तिच्यावर परवान्याचा क्रमांक, तारीख आणि रक्कम असते. हा कागदाचा चिटोरा निरुपयोगी वाटतो, पण सीटवर पासपोर्टची पिशवी राहिली तर शहरातल्या हजारो पांढऱ्या टॅक्सींमधून नेमकी ती टॅक्सी शोधण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे नसतो. विसरलेल्या वस्तू चालकांनी महापालिकेच्या हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात जमा करायच्या असतात. तिथे चौकशी करताना पावतीवरील क्रमांक सांगितला की शोध सोपा होतो.

भाड्याबद्दल खरोखरच मतभेद झाला, तर आवाज चढवू नये. आधी तक्त्यावर बोट ठेवून विचारावे. बहुतेक गैरसमज एवढ्यानेच मिटतात. न मिटल्यास मागितलेली रक्कम देऊन पावती घ्यावी आणि तक्रारीचा छापील अर्ज मागावा, त्याला ‘ओखा दे रेक्लामासिओनेस’ म्हणतात. अर्ज मिळाला नाही, तर परवान्याचा क्रमांक, वेळ आणि मार्ग लिहून महापालिकेकडे तक्रार करता येते. धमकी किंवा असुरक्षितता जाणवली तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा.

ॲपवरून गाडी मागवणे

फ्री नाऊसारख्या ॲपवरून अधिकृत टॅक्सी मागवता येते. उबर, कॅबिफाय आणि बोल्टवर मुख्यतः खासगी परवान्याच्या गाड्या मिळतात. त्यांना रस्त्यात हात दाखवून थांबवता येत नाही आणि त्यांचे भाडे मागणीप्रमाणे कमी-जास्त होते. साध्या दुपारी ते टॅक्सीपेक्षा स्वस्त पडू शकते, तर पावसात किंवा सामन्याच्या रात्री बरेच महाग. भाषेची अडचण वाटणाऱ्यांना ॲप सोयीचे आहे, कारण पत्ता आणि रक्कम दोन्ही आधीच ठरलेली असतात. फोन किंवा ॲपवरून मागवलेली मीटरची टॅक्सी दारात आली, तेव्हा मीटरवर आधीच काही रक्कम दिसू शकते. तुमच्यापर्यंत येण्याचे ते पैसे असतात आणि त्यांना नियमाने मर्यादा घातलेली आहे.

परतीच्या दिवशी

एम-३० च्या आतून विमानतळाकडे जातानाही तेच ठरलेले भाडे लागते. पहाटेच्या विमानासाठी हॉटेलच्या स्वागतकक्षाला आदल्या रात्रीच टॅक्सी बोलावण्यास सांगावे. निघताना चालकाला टर्मिनलचा क्रमांक आठवणीने सांगावा, कारण टी-१, टी-२ आणि टी-३ एकमेकांना जोडलेली असली तरी टी-४ तिथून काही किलोमीटर दूर आहे. चुकीच्या ठिकाणी उतरल्यास टर्मिनलांदरम्यानची मोफत बस आहे, पण तिच्यात बराच वेळ जातो. टी-४ वरून शेंगेन क्षेत्राबाहेर जाणारी विमाने ज्या उपइमारतीतून सुटतात, तिथे सुरक्षा तपासणीनंतर भुयारी गाडीने जावे लागते आणि पासपोर्ट तपासणीची रांगही असते. शहराच्या मध्यातून विमानतळ अर्ध्या तासावर आहे. सकाळी आठ ते दहाच्या गर्दीत यात आणखी वीस मिनिटे धरून टॅक्सीची वेळ ठरवावी.